इन्स्पेक्शनपुरती ट्यूटर

११ मे १९८७, डोंबिवली
लिमये बाईंनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि "बस" म्हणाल्या. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत मी इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. आम्ही स्टाफ नर्स तिथे उभ्या राहून मेमो घेतो. बाई आमच्या ठाण्याच्या रुग्णालयाच्या मेट्रन, आणि आवारातल्या नर्सिंग स्कूलच्या प्राचार्यही त्याच.

म्हणाल्या, "मीरा, नर्सिंग कौन्सिल आता डिप्लोमावर ऐकणार नाही. शाळेत डिग्री झालेली ट्यूटर दाखवावी लागेल. तुझं डोकं चांगलं आहे. मुंबईला जा, दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. कर. परत आलीस की शाळा तुझीच."

शाळा तुझीच. वॉर्डात आले तरी कानात तेच. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींचं ड्रेसिंग करत होते, तर त्या म्हणाल्या, आज सिस्टर एकट्याच हसतायत.

घरी जगनला सांगितलं. तो नुकताच कंपनीतून आलेला. रंगाच्या कंपनीत असल्यामुळे त्याची नखं कायम निळी. मोरीत हात घासता घासता म्हणाला, "लिहून दिलं का?"

मी म्हटलं, बाईंसारखी माणसं शब्द देतात तेव्हा लिहून मागायचं नसतं.

"मग कर. पण शिकायचंय म्हणून कर. त्या शाळेच्या भरवशावर नको."

हा माणूस गोड घासातही खडा शोधतो.

२३ जून
कॉलेजात नाव लागलं. ऑफिसातल्या क्लार्कने शेजवळ आडनाव ऐकलं आणि मान वर न करता म्हणाला, "तुमची लिस्ट पलीकडच्या भिंतीवर." मी म्हटलं, माझं नाव ह्याच लिस्टमध्ये आहे, वरून चौथं. त्याने उठून बघितलं. मग फॉर्म पुढे सरकवला.

ट्रस्टने बिनपगारी रजा मंजूर केली. परत आल्यावर तीन वर्षं इथंच नोकरी करायची, असा बॉन्ड. म्हणजे बाईंना मी परत हवी आहे. जगनला हे सांगितलं, तर तो नुसता भाजी ढवळत राहिला.

सासूबाईंनी आंबिवलीहून पुरणपोळ्या करून पाठवल्या होत्या, त्या बाईंसाठी नेल्या. बाईंनी झाकण उघडून वास घेतला. "सुगरण आहेत गं तुझ्या सासूबाई. पण नेमका आज माझा उपास." आणि डबा शिपाई दगडूच्या हातात दिला. बाईंचे उपास फार. दिवाळीत करंज्या नेल्या होत्या तेव्हाही उपासच होता. एवढा व्याप सांभाळून देवाधर्माचं इतकं करायचं म्हणजे कमाल आहे.

जगनला हे सांगितल्यावर तो पोट धरून हसला. का ते सांगेना.

५ जुलै
हेमाला आंबिवलीला सासूबाईंकडे सोडून आले. मला होस्टेल सक्तीचं, जगनला पाळ्या. दुसरा इलाज नव्हता. तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत दुसरीत नाव घातलं. पिशवी तिनेच भरली. आम्ही निघालो तेव्हा दारात उभी राहिली, रडली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "रडली असती तं बरं झालं असतं, बाई."

त्यांचं काहीतरीच. समजूतदार आहे माझी पोर.

१८ ऑगस्ट, होस्टेल
पहिल्या चाचणीत नापास. वर्गातल्या निम्म्या मुली केरळच्या, बाकीच्या कॉन्व्हेंटच्या. त्यांचं इंग्रजी नळासारखं. कॅथेटर मी डोळे मिटून घालीन, पण 'परिचर्येची संकल्पना' ह्यावर इंग्रजीतून दोन पानं लिहायची म्हटली की पहिल्याच ओळीला हात थांबतो. आता मी आधी मराठीत लिहिते, मग त्याचं इंग्रजी करते. दुप्पट वेळ लागतो. लागू दे.

उत्तरपत्रिका उशाखाली ठेवली आहे. घरून कोणी येऊन बघणार असल्यासारखी.

९ सप्टेंबर
आज भाजलेल्या रुग्णाच्या शरीरातलं पाणी कुठे जातं ते शिकवलं. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, पाणी झिरपून बाहेर मांसात जातं. माणूस वरून सुजलेला दिसतो आणि आतून कोरडा पडत असतो.

आमच्या वॉर्डात स्टोव्ह भडकला म्हणून किती बायका येतात. मी त्यांना किती सलाईनं लावली. डॉक्टर म्हणाले इतक्या बाटल्या, की इतक्या. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आज कळलं तेव्हा वर्गात डोळे भरून आले. शेजारची मुलगी विचारत होती, बरं नाही का. कल्याणहून आलेली ती नवी नवरी आठवली. सारखं पाणी मागत होती. तिला वाचवता आलं असतं असं नाही. पण तिला काय होतंय हे मला कळलं असतं.

मी ह्यासाठी शिकणार आहे. आणि परत गेल्यावर आमच्या मुलींना हे पहिल्याच वर्षी सांगणार आहे.

१ नोव्हेंबर, डोंबिवली
दोन दिवस घरी. लिमये बाईंचा निरोप होता, तुझ्या नोट्स मराठीतून नीट लिहून दे, आपल्या मुलींना उपयोग होईल. रात्रीच्या मेसनंतर बसून लिहिल्या होत्या. अर्ध्या आधीच पोस्टाने पाठवल्या होत्या, उरलेल्या आज देऊन आले. बाई खूश झाल्या. त्या आता त्यावरूनच वर्ग घेतात म्हणे.

शेवंती भेटली. ती आमच्याच वॉर्डातली नर्स, बाळकुमच्या कोळीवाड्यातली, तोंडाने फटकळ. म्हणाली, "बाई तुज्या नोट्स वाचून दाखवतात आनि वर सांगतात, मी स्वतः काढल्यात."

मी म्हटलं, प्राचार्य आहेत, असं म्हणावं लागतं.

"बरं बाय," ती म्हणाली. "तुला ठीक वाटतंय तर ठीक."

आंबिवलीला गेले. हेमा चुकून सासूबाईंना आई म्हणाली, मग माझ्याकडे बघून "आजी" म्हणाली. सगळे हसलो.

१४ एप्रिल १९८८, होस्टेल
जयंतीला घरी जाता आलं नाही. प्रसूती विभागात पोस्टिंग होतं. संध्याकाळी लांबून ढोल ऐकू आला. एका बाईला मुलगी झाली, तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मीच पोरीला घेऊन बसले.

१६ जून, डोंबिवली
परीक्षा संपली आणि घरी आले तर सासूबाई हेमाला घेऊन आलेल्या, आणि पोर अर्धी राहिलेली. केस कापलेले. पंधरवड्यापूर्वी टायफॉइड झाला होता. कल्याणला दवाखान्यात ठेवलं होतं. जगनने मला कळवलं नाही.

मी खूप बोलले त्याला. मी नर्स आहे. माझी पोर तापाने फणफणते आणि मी तिकडे टायफॉइडची परिचर्या ह्या प्रश्नाचं उत्तर लिहिते. खरंच लिहिलं होतं. तो प्रश्न आला होता.

तो म्हणाला, "तुला कळवलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणून नाही कळवलं."

हेमाला जवळ घेतलं. ती म्हणाली, आई, तुझा पेपर कसा गेला? एवढंच विचारलं. तापात ती आईला हाक मारत होती का, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे आता.

२९ जुलै १९८९
फर्स्ट क्लास. कॉलेजात दुसरी.

जगनने चाळीत पेढे वाटले. कोणाला काही विचारायचीही सोय ठेवली नाही, दार उघडलं की "मिसेस बी.एस्सी. झाली" म्हणून पेढा हातात. आंबिवलीला सासूबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मार्कशीट ठेवली. त्यांना वाचता येत नाही. माझं नाव कुठे लिहिलंय ते दाखव म्हणाल्या, आणि त्यावर बोट ठेवून बसल्या.

हेमा आता डोंबिवलीला आली. आजीचं जुनं लुगडं पांघरायला घेऊन आली आहे. चादर देऊ केली, तर नको म्हणाली.

७ ऑगस्ट
रुजू झाले. बाईंनी खांद्यावर हात ठेवून अभिनंदन केलं. ट्यूटरची जागा अजून मंजूर व्हायची आहे. ट्रस्टींची मीटिंग झाली की होईल. तोवर वॉर्डात. पेढा त्यांनी टेबलावर ठेवला, नंतर घेते म्हणाल्या.

दोन वर्षं थांबले, अजून थोडं. वॉर्ड तोच, खाटा त्याच. शेवंतीने विचारलं, "डिग्री झाली, आता बेडपॅन इंग्लिशमधे देनार का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

२० नोव्हेंबर
मीटिंग झाली. आमचा विषय निघाला नाही. बाईंना विचारायला गेले तर त्या घाईत होत्या.

वॉर्डात एका भाजलेल्या बाईच्या लघवीचं प्रमाण घटतंय म्हणून मी डॉक्टरांना सलाईन वाढवू या का विचारलं. नवा हाउसमन होता. म्हणाला, "सिस्टर, तुम्ही शिकून आलात हे आम्हाला माहीत आहे." सलाईन वाढवलं मात्र. हेड सिस्टरला हे आवडलं नाही. पुढच्या महिन्यात मला नाइट लागल्या आहेत.

१७ जानेवारी १९९०
उद्या कौन्सिलचं इन्स्पेक्शन. बाईंनी बोलावून सांगितलं, "मीरा, उद्या युनिफॉर्म नको, साडी नेस. तू ट्यूटर म्हणून बसायचंस." आमच्या शाळेत ट्यूटर साडी नेसतात.

म्हटलं नव्हतं मी? जगनला म्हटलं, बघ. तो म्हणाला, "उद्या बसायचंय. परवा कुठं बसायचंय ते विचारलंस का?"

मुंबईला घेतलेली मोतिया साडी काढली. हेमाने निऱ्या धरल्या.

१८ जानेवारी
हा दिवस पूर्ण लिहून ठेवायचा आहे.

वर्गाशेजारच्या खोलीच्या दारावर पाटी. सौ. मीरा शेजवळ, बी.एस्सी. नर्सिंग, ट्यूटर. आत टेबल, खुर्ची, फुलदाणी. कौन्सिलची दोन माणसं, एक गृहस्थ आणि एक जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी सांगितलं, वर्ग घेऊन दाखवा. विषय मीच निवडला.

मुलींना विचारलं, भाजलेला माणूस सुजतो, मग त्याला तहान का लागते? कोणी बोलेना. फळ्यावर रक्तवाहिनी काढली. भिंतीला भोकं काढली. खडूने पाणी बाहेर नेलं. मराठीतून सांगितलं आणि इंग्रजी शब्द बाजूला लिहिले. एकेकीच्या चेहऱ्यावर उजेड पडताना दिसत होता. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. चष्म्याच्या बाई मागच्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्यासारख्या ट्यूटर हव्यात."

लिमये बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, ही माझी विद्यार्थिनी.

माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. लग्नाचा दिवसही ह्यात धरते, जगनने वाचलं तरी चालेल.

१९ जानेवारी
सकाळी साडी नेसूनच गेले. बाई म्हणाल्या, "अगं, युनिफॉर्म कुठे? वॉर्डात माणसं कमी आहेत." शेवंतीकडून जादाचा युनिफॉर्म मागून घेतला, तो दंडात घट्ट होत होता.

दुपारी खोलीकडे गेले. दगडू पाटी काढत होता. पाटी खिळ्याला अडकवलेली होती. म्हणाला, बाईंनी कापडात गुंडाळून जपून ठेवायला सांगितलीय. म्हणजे लागणारच आहे. नाहीतर फेकून दिली असती.

८ जुलै
शेवंतीची भाची जनी आमच्या स्कूलला लागली. शेवंतीचा भाऊ गोमाजी, त्याची थोरली. कंपन्यांच्या पाण्याने खाडीत मासळी राहिली नाही, म्हणून गोमाजीने पोरगी शिकवायला काढली. गोमाजीच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. महिनाभर रविवारी ती माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला यायची. हुशार आहे, प्रश्नावर प्रश्न विचारते. ती अभ्यास करत असताना हेमा बाहेर गॅलरीत बसायची. मी तिलाही ये म्हटलं, तर म्हणाली, तू तिला शिकव.

गोमाजी मला म्हणाला, "बाय, तुमच्या भरवशावर धाडतंय पोरीला." मी म्हटलं, मी तिथेच शिकवणार आहे, काळजी करू नका. जागेचं लवकरच होईल असं बाईंनी मागच्या आठवड्यात सांगितलंय.

३ सप्टेंबर
ट्यूटर आल्या. कुमारी फडके. ह्याच वर्षी बी.एस्सी. झाल्या. बारावीनंतर चार वर्षांचं केलेलं. वॉर्डात कधी नोकरी केलेली नाही. दारावर त्यांची पाटी लागली, स्क्रू मारून.

शेवंती म्हणाली, बाईंच्या मावसबहिणीची मुलगी.

मी दिवसभर कामं केली. काही चुकलं नाही.

४ सप्टेंबर
बाईंकडे गेले. आज बस म्हणाल्या नाहीत.

म्हटलं, बाई, तुम्ही शब्द दिला होता.

त्या चिडल्या नाहीत. आवाज नेहमीसारखाच, शुद्ध आणि मऊ. "मीरा, ती माझ्या नात्यातली आहे हे मी लपवलेलं नाही. पण तिचं रेग्युलर आहे, तुझं पोस्ट बेसिक. ट्रस्टींना मी काय सांगू?"

"मग मला पाठवलंत कशाला?"

"त्या वेळी शाळेला गरज होती. तुझाही फायदाच झाला ना? आणि एक सांगते, राग मानू नकोस. मुलींचे आईवडील येतात, चौकशा करतात. ट्यूटरला मुलींबरोबर राहावं लागतं, जेवणखाण असतं. मी कोणाकोणाची तोंडं धरू? तू समजूतदार आहेस. तुमच्या लोकांना सरकारी नोकरीत एवढा वाव आहे, तिथे अर्ज कर."

"माझा बॉन्ड आहे."

"हो, तो आहेच," त्या म्हणाल्या आणि घंटी वाजवून दगडूला बोलावलं.

जेवणखाण हा शब्द मध्येच कशाला आला ते मला ठाणे स्टेशनवर जिन्यात कळलं. पुरणपोळ्या, करंज्या, पेढा. सगळे उपास एकदम आठवले. जगन तेव्हा का हसला होता तेही कळलं. त्याने मला सांगितलं का नाही? मी ऐकलं असतं का?

२२ नोव्हेंबर
फडके बाई मुलींना घेऊन वॉर्डात येतात. मला वाटलं होतं, पोरीला काही येत नसेल. तसं नाही. चांगलं शिकवते. कष्ट करते. रुग्णांना हात लावताना नाक मुरडत नाही. मला "शेजवळ सिस्टर, तुम्ही जरा दाखवाल का?" असं अदबीने विचारते. एक दिवस म्हणाली, भाजल्याच्या ज्या मराठी नोट्स इथे आहेत त्या फार सुंदर आहेत, मावशींनी लिहिल्यात. मी ड्रेसिंगचा ट्रे आवरायला घेतला.

वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

जनी मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला मी सांगितलं होतं, मी शिकवणार आहे.

११ फेब्रुवारी १९९१
बाईंनी बोलावलं. बस म्हणाल्या.

परवा इन्स्पेक्शन. मुलींच्या जागा वाढवून घेतल्यामुळे आता डिग्रीच्या दोन ट्यूटर दाखवाव्या लागतात. "गेल्या वर्षीसारखंच. एका दिवसाचा प्रश्न. साडी नेसून ये. तुझी पाटी मी ठेवलीच आहे."

मी बरं म्हटलं. तोंडातून तेच आलं.

१३ फेब्रुवारी
खोली तीच, फुलदाणी तीच. चष्म्याच्या बाईही त्याच. त्यांनी मला ओळखलं, हसल्या. समोर लिमये बाई, फडके, आणि मी.

त्यांनी सहज विचारलं, "आठवड्याला किती तास घेता?"

लिमये बाई म्हणाल्या, "अठरा."

मी म्हटलं, "मी तास घेत नाही. गेल्या वर्षी तुम्ही आलात त्या दिवशी एक घेतला होता. मी स्त्री सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ही पाटी आज सकाळी लावली, संध्याकाळी काढतील."

लिमये बाई हसल्या. "आमची मीरा थट्टेखोर आहे." कोणी हसलं नाही. चष्म्याच्या बाईंनी फडकेकडे बघितलं. फडके खाली बघत होती. मग म्हणाली, "त्या खरं सांगतायत." तिचे कान लाल झाले होते.

घरी येऊन जगनला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." माझा हात हातात घेऊन बसला. हलकं वाटलं. किती दिवसांनी हलकं वाटलं.

२६ मार्च
कौन्सिलचा निकाल आला. पहिल्या वर्षाची मान्यता काढून घेतली. त्या मुलींची नोंदणी होणार नाही, वर्ष वाया. वरच्या वर्गांना धक्का नाही. शाळेने ट्यूटर भरावी आणि पुढच्या वर्षी नव्याने प्रवेश द्यावेत.

आवारात ट्रंका, वळकट्या, रडारड. कोणाचे बाप आले होते, कोणाचे भाऊ. लिमये बाई पायरीवर उभं राहून सांगत होत्या, "मी शेवटपर्यंत प्रयत्न केले हो. आपल्याच एका सिस्टरने दावा साधला." त्यांचेही डोळे ओले होते. खोटे नव्हते ते. शाळा त्यांनी उभी केली आहे.

मी वॉर्डाच्या खिडकीतून बघत होते. जनीने ट्रंक एका बाजूने धरली, गोमाजीने दुसऱ्या. तिने वर बघितलं नाही.

३० मार्च
माझ्याशी कोणी बोलत नाही. चहाच्या वेळी मी गेले की बायका उठतात. मी समजू शकते, पण मी खरं बोलले होते. हे मी शेवंतीला म्हटलं.

ती म्हणाली, "खरं तू गेल्या वर्षीच बोलली असतीस तर? तवा पन खोटंच होतं ना? तवा तुला वाटत होतं खुर्ची मिळनार, तवा गोड लागलं. आमची जनी कुठं दुसरीकडं लागली असती."

मी म्हटलं, तेव्हा मला माहीत नव्हतं.

"आमाला सगळ्यांना माहीत होतं," शेवंती म्हणाली. "दगडूला पन माहीत होतं."

मग ती आपल्या खाटांकडे गेली. ड्युटीत दोनदा समोरून गेली. बाजूने पडदा ओढावा तशी नजर वळवली.

२ मे
जगन म्हणाला, "त्या पोरींचं काय करायचं?" मी म्हटलं, मी एकटीने काय करू? तो म्हणाला, "तुला नाही विचारत. मलाच विचारतोय. बरं केलंस असं मीच म्हटलं होतं."

हेमा पाचवीत पहिली आली. प्रगतिपुस्तक बापाकडून सही करून आंबिवलीला आजीला दाखवून आली, मग मला दाखवलं. मी दमलेली असते म्हणून उठवलं नाही म्हणाली. किती विचार करते.

२ जून
ट्रस्टने बाहेरून दुसरी ट्यूटर घेतली. नव्याने प्रवेश सुरू झाले. ज्या मुली घरी गेल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच परत आल्या. लिमये बाई त्याच केबिनमध्ये आहेत, त्यांचा ट्रस्टने नारळ देऊन सत्कार केला, पंचवीस वर्षं झाली म्हणून. फडके नोकरी सोडून पुण्याला गेली. जाताना मला वॉर्डात येऊन भेटली.

जनीचं नाव यादीत नव्हतं.

९ जून
आज सुट्टी होती. बाळकुमला गेले. शेवंतीला न विचारता. शेतात आता सिमेंटचे खांब उभे राहतायत. कोळीवाड्यात गोमाजीचं घर विचारत गेले.

गोमाजी ओटीवर होता. उठून आत बोलावलं, खुर्ची दिली. चहा आला. तो मला एकही शब्द वाकडा बोलला नाही. म्हणाला, "नशिबात नव्हतं तिच्या." जनीची सोयरीक झाली आहे, मुलगा ठाण्यात रिक्षा चालवतो. मार्गशीर्षात लग्न.

मी म्हटलं, अजून वेळ आहे. सरकारी स्कूलचे फॉर्म पुढच्या आठवड्यात मिळतात, मी स्वतः तिला घेऊन जाते. गोमाजीने मागच्या दाराकडे बोट केलं. "तिलाच विचारा."

जनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. फॉर्म, होस्टेल, विद्यावेतन. तीन वर्षांत नर्स होशील. पुढे डिग्रीही करता येते, मी अभ्यास घेईन, पहिल्या दिवसापासून.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"ताई, डिग्री झाल्यावर तुम्ही काय झालात?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वर्गात प्रश्न विचारायची तसंच विचारत होती.

मी म्हटलं, "स्टाफ नर्स."

"आणि त्याच्या आधी?"

आत गोमाजीने कप धुवायला टाकल्याचा आवाज आला.

"स्टाफ नर्स," मी म्हटलं.

जनीने मान हलवली आणि पुन्हा निवडायला लागली. थोडा वेळ मीही तिच्या सुपातले खडे काढत बसले. मग निघाले.